दोन बोटांवरचं विमान

हिराजीकाका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते फूटपट्टी घ्यायला. मी एक काढून दिली. त्यांनी ती एका बोटावर आडवी धरली, बोट जरा इकडे, जरा तिकडे सरकवलं, पट्टी डुलली आणि कलली. "दुसरी दाखवा," म्हणाले. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. पाचवी पट्टी बरोबर मधोमध बोटावर स्थिर राहिली तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला. "ही बरी हाय. बाकीच्या एका अंगाला जड हायेत." कर्जत स्टेशनाजवळ वह्या-पेनं विकण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. फूटपट्टी एका अंगाला जड आहे, अशी तक्रार घेऊन तोवर कुणी आलं नव्हतं.

पुढे कळलं की हा माणूस हातात येईल त्या वस्तूचा तोल बघतो. भाकरीचा, छत्रीचा, करवतीचा, लग्नात मिळालेल्या नारळाचा सुद्धा. भिसेगावात आमच्या घरी आले तेव्हा माझ्या बायकोने बसायला खुर्ची दिली. पाहुणा खुर्चीवर बसतो. हिराजीकाकांनी ती आधी दोन हातांनी उचलून बघितली आणि मग बसले. माझ्या मुलीचं दप्तर उचलून म्हणाले, "भूगोल डावीकडं टाक गं, नायतर खांदा वाकडा व्हईल." तेव्हापासून ती भूगोल डावीकडे टाकते.

दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. "ह्याचं काम काय?" पंख्याला लोंबणाऱ्या फुंद्याला बोट लावून, "ह्याचं काम काय?" पत्रिकेवरच्या मखमली गोंड्याला, "ह्याचं काम काय?" एकदा मी गल्ल्यावर जांभई देत बसलो होतो. माझ्याकडे बराच वेळ बघून ते काहीतरी विचारणार होते, पण भला माणूस, गप्प राहिला.

काका कर्जतजवळच्या कडाव गावचे. घरचं भात, एक म्हैस, आणि खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून सगळी हयात. निवृत्त झाल्यावर गावातली माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात. यांनी गोठ्याचा अर्धा भाग रिकामा करून विमानं बांधायला घेतली. रिमोटवर उडणारी, इंजिनाची. मी अज्ञानातून विचारलं होतं, "काका, नातवंडांना खेळायला का?" त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "शेट, ह्ये खेळनं नाय. खऱ्या इमानाच्या पाचव्या हिश्शाचं इमान हाय. खऱ्यात जिथं खिळा, तिथं ह्यात खिळा."

मला चौकशीची खोड आहे. एका रविवारी स्कूटर काढली आणि कडावला गेलो.

गोठ्यात डावीकडे म्हैस, उजवीकडे विमान. दुमजली पंखांचं, दोन माणसं मागेपुढे बसतील असं, जुन्या काळी वैमानिकांना शिकवायला वापरत त्या जातीचं. पंखाची लांबी माझ्या उंचीपेक्षा जास्त. अजून नुसता सांगाडा होता, काड्यांचा. काही काड्या बाल्सा नावाच्या परदेशी लाकडाच्या, काही चक्क पांगाऱ्याच्या. "आपला पांगारा काय कमी हलका हाय?" काका म्हणाले. गावात कुणाचा पांगारा पडला की पहिला निरोप यांना येतो.

उंबऱ्यावर चांगुणाकाकी सुपारी कातरत बसल्या होत्या. काकांच्या पत्नी. हातात जुना पितळी अडकित्ता, मुठीला मोराचं तोंड. आल्या-गेल्याला त्या आधी सुपारी द्यायच्या आणि मग नवऱ्याची गाऱ्हाणी. "ह्यांचं इमान उडंल तवा उडंल, माजा च्या निवला," हे पहिलं गाऱ्हाणं. दुसरं इस्त्रीचं. विमानाच्या पंखांवर एक चिकट कागद इस्त्रीने ताणून बसवतात. काकांनी घरचीच इस्त्री वापरली, आणि काकी त्याच इस्त्रीने हळदीला नेसायचं पातळ फिरवायला गेल्या. "आख्ख्या हळदीत मी पिवळा पट्टा घेऊन फिरले," काकी सांगायच्या. "बाया म्हनल्या, नवीन फॅशन हाय का गं?"

तिसरं गाऱ्हाणं इंजिनाचं. गवत कापायच्या यंत्राला जे टू-स्ट्रोक इंजिन असतं, ते काढून, घासूनपुसून, काका विमानाला बसवतात. इकडे फार्महाऊस झाल्यापासून गवत कापायची यंत्रं घरोघर आली, आणि काका रस्त्याने जाता जाता नुसत्या आवाजावरून कुणाचं इंजिन किती दिवस टिकेल ते सांगू लागले. नवं बसवलेलं इंजिन आधी टेबलाला आवळून तासन्‌तास चालवून घ्यावं लागतं. ते टेबल गोठ्यात. पहिल्याच दिवशी म्हैस आटली. काकींनी तीन दिवस काकांशी अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी टेबल गोठ्यातून थेट वडाखाली गेलं.

पण विमानात काही नवीन लागलं की काका पहिलं दाखवायचे ते काकींनाच. काकी सुपारी थांबवून बघायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "समदं बसवलंत. मागल्या शिटावर मला बसवा की. म्या अजून इमानात बसले नाय."

"तुला जागा नाय गं," काका हसत म्हणायचे. "इमानात परत्येक ग्रॅमला काम पायजे. तुजं काम काय?"

"सुपारी कातरते की!"

हा संवाद मी निदान दहा वेळा ऐकला असेन. दोघंही दर वेळी तितकंच हसायचे.

इथे माझाही एक दोष सांगायला हवा, कारण पुढे तो लागणार आहे. मला टापटिपीचा रोग आहे. कुठलीही वस्तू भलत्या जागी दिसली की माझा हात शिवशिवतो. एकदा इंजिन बसवून झालं होतं. मी समोरून बघितलं तर ते किंचित उजवीकडे आणि किंचित खाली तोंड करून बसलेलं. मी पाना उचलला. काका ओरडले, "आवो शेट! वाकडंच बसवलंय त्ये! पंखा फिरला की इमान डावीकडं वडतं. इंजिन सरळ बसवलं तर इमान वाकडं जाईल." मी पाना ठेवला. काकी म्हणाल्या, "शिकलेल्या मानसांचं असंच. पुसायच्या आदी हात." मी तेवढ्यापुरता वरमलो. स्वभावाला औषध नाही.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस चांगुणाकाकी गेल्या. ताप आला, कर्जतला दवाखान्यात ठेवलं, तिथून घरी आल्याच नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा काका गोठ्याच्या दारात बसले होते. विमानावर चादर टाकलेली होती. वर्षभर ती चादर निघाली नाही. दुकानात यायचे, पण फूटपट्टी, पेन, काहीच हातात घ्यायचे नाहीत. मला हे बघवत नव्हतं. एकदा मीच मुद्दाम त्यांच्यासमोर एक नवी पट्टी ठेवली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही.

मग गेल्या दिवाळीनंतर ते अचानक आले आणि गोंदाच्या चार बाटल्या मागितल्या. "शेट, इमान ह्या उन्हाळ्यात उडवायचं. ह्याच उन्हाळ्यात." कारण विचारलं तेव्हा सगळं कळलं. भात निघालं की त्यांची दोन खाचरं आणि शेजारची चुलतभाऊ बळीरामची दोन मिळून धावपट्टी व्हायची. मधला बांध काढलेला होता. आमच्याकडे वीतभर बांधासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात. पण बळीरामकडे शब्द टाकायला काकी स्वतः गेल्या होत्या, आणि त्याने स्वतः कुदळ घेऊन बांध सपाट केला होता. आता बळीरामच्या मुलांनी जमीन प्लॉटसाठी दिली होती. गुढीपाडव्याला तारेचं कुंपण पडणार होतं. त्यानंतर एवढं मोठं विमान उडवायला जागाच नाही.

"आणि दुसरं," काका म्हणाले, आणि उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "पुढल्या साली ह्यो हात रिमोट धरील का नाय, सांगता येत नाय. म्या तिला बोललोय."

काय बोललोय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, उडवीन असं बोलले असतील.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही खाचरात जमलो. मी, बळीराम, आणि काकींच्या आठवणीने आलेल्या चार-पाच बायका. वारा नव्हता. विमान पिवळंधमक, उन्हात उभं. काका बाजूला पेट्रोलमध्ये ऑईल मोजून मिसळत होते. मला म्हणाले, "शेट, नाकाचं झाकन काढून आतलं ऑईल पुसून घ्या जरा."

मोठं काम मिळालं म्हणून मी खूश झालो. झाकण काढलं, फडकं घातलं. आणि बघतो तर इंजिनाच्या बाजूला, स्पंजाच्या तुकड्यात, वरून दोन रबर लावून, चक्क एक अडकित्ता! मला हसूच आलं. ज्या माणसाने पंखावरचा जास्तीचा गोंदसुद्धा ब्लेडने खरवडला, तो तार-बीर कापायला घेतलेला अडकित्ता आत विसरला होता. वजन चांगलं दोनशे ग्रॅम असेल. मी इकडे-तिकडे बघितलं, अडकित्ता काढून खिशात घातला आणि झाकण लावलं. मनात म्हटलं, ह्याचं काम काय? विमान खाली उतरलं की हळूच काढून दाखवायचं, असा माझा बेत. शिष्याने गुरूची चूक पकडल्याचा आनंद फार वाईट असतो.

मुठीवरचा मोर मला दिसला नाही का? दिसला. पण हात आधी चालला.

काकांनी टाकी भरली. रिमोट बळीरामकडे दिला. मग उडवण्याआधी जे ते नेहमी करतात ते केलं: दोन्ही हातांचं एकेक बोट वरच्या पंखाखाली लावलं आणि विमान उचललं. ते बोटांवर सरळ राहायला हवं होतं. शेपूट झपकन खाली गेलं.

त्यांनी विमान टेकवलं. पुन्हा उचललं. पुन्हा शेपूट खाली. तिसऱ्यांदा उचललं, तेव्हाही तेच. शेपूट जड असलेलं विमान हवेत आवरत नाही. वर जातं आणि पडतं. एवढं मला तोवर कळत होतं.

"नाकातलं कोनी काडलं?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

मी अजूनही मूर्खासारखा हसत होतो. खिशातून अडकित्ता काढला आणि त्यांच्याच सुरात म्हणालो, "काका, ह्याचं काम काय?"

कुणी हसलं नाही. बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. अडकित्ता तिने ओळखला होता. आणि मग मीही नीट ओळखला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

काकांनी तो माझ्या हातातून घेतला. सदऱ्याला पुसला. "ह्या इमानाचं नाक आखूड," ते मला समजावू लागले, अगदी इंजिनाबद्दल समजावलं होतं तसंच. "त्याला फुडं वजन लागतंच. तोल व्हत नाय त्याबिगर. समदे शिसं भरतात. म्या बी आनलं व्हतं. येक दिस शिसं हातात घेतलं, नि म्हटलं, शिसं कशाला?" मग मुठीवरच्या मोरावरून अंगठा फिरवला. "जलमभर तिला म्हनलो, तुला जागा नाय, तुजं काम काय. आता काम हाय तिला."

"चुकलो काका," एवढंच म्हणालो.

"चुकला नाय. म्याच सांगितलं नवतं कोनाला."

झाकण त्यांनी स्वतः काढलं, अडकित्ता स्पंजात बसवला, रबर लावले. पुन्हा दोन बोटांवर विमान उचललं. नाक जरा हललं, शेपूट जरा हललं, आणि विमान फूटपट्टीसारखं सरळ स्थिर राहिलं.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काकांनी बळीरामकडून रिमोट परत घेतला. विमान काकांच्या खाचरातून धावत गेलं, जिथे बांध होता ती जागा ओलांडून बळीरामच्या खाचरात शिरलं आणि हवेत उठलं. कडावच्या वर त्याने तीन फेऱ्या मारल्या. देवळावरून, वडावरून, गोठ्यावरून. काकांचा हात रिमोटवर अजिबात थरथरत नव्हता. बायका वर बघत होत्या. काकांचे ओठ हलत होते. जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "त्यो बग कर्जतचा रस्ता. त्यो आपला वड. घाबरू नको गं." मी दुसरीकडे बघायला लागलो.

विमान उतरलं, जरा उड्या मारत, पण उतरलं. बळीराम ओरडत धावला. काका हळूहळू चालत गेले, खाली बसले, झाकण उघडलं आणि अडकित्ता बाहेर काढला. मी पुढे हात केला, मदतीला म्हणून, आणि बोट लागलं तसा मागे घेतला. इंजिनाजवळ बसून तो चांगलाच तापला होता.

काकांनी मात्र तो मुठीत धरला आणि निवेपर्यंत सोडला नाही.