पाणकोंबडीबाईंनी किती वेळा मरावं

एका जंगलात, बाळांनो, बारा महिने भुरभुर पाऊस पडायचा. हे जंगल सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावर होतं. तिथला राजा सिंह. आता त्या बेटावर सिंह कधी कुणी पाहिलेला नव्हता. तरी राजा तोच. हे कसं काय, असं कुणी विचारत नसे. विचारणं वाईट दिसे.

आणखी एक गोष्ट तिथे वाईट दिसे. जिवंत प्राण्याचं कौतुक करणं. कौतुक केलं की तो प्राणी बिचारा संकोचतो, त्याचे कान लाल होतात, आणि मग आपण कुठे बघायचं ते कळत नाही. म्हणून सगळं कौतुक साठवून ठेवायचं आणि प्राणी मेला की एकदम बाहेर काढायचं, अशी तिथली वहिवाट होती.

त्यासाठी 'पर्णवार्ता' नावाचं दैनिक निघे. पहिल्या पानावर जिवंत प्राणी काय करतायत ते छापलेलं असे. ते कुणी वाचत नसे. शेवटचं पान मृत्युलेखांचं. ते चहाबरोबर सगळे वाचत आणि म्हणत, अरेरे, एवढा मोठा होता होय, आपल्याला पत्ताच नाही. हे पान ऑस्बर्टराव घुबड लिहीत. मोठे सज्जन गृहस्थ. कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. फक्त सगळ्यांचे मृत्युलेख आगाऊ लिहून ठेवत. ऐनवेळी धावपळ नको.

या जंगलात प्रुडन्सबाई नावाच्या एक पाणकोंबडी राहत. त्या नटी होत्या.

दर रविवारी तळ्याच्या एका काठावर खेळ होई आणि समोरच्या काठावर बसलेले प्राणी नटांचं पाण्यातलं प्रतिबिंब बघत. नटाकडे थेट बघणं म्हणजे फार सलगी झाली. या प्रकाराला ते पाणपडदा म्हणत. पाणपडद्यावरच्या एका विनोदी मालिकेत प्रुडन्सबाई आत्याबाईंचं काम करायच्या. आत्याबाई चहाचा कप घेऊन यायच्या, हवेबद्दल दोन शब्द बोलायच्या आणि पाठमोऱ्या तळ्यात पडायच्या. पडल्या की पडदाच फुटायचा, त्यामुळे भाग तिथेच संपायचा. एवढंच काम. पण ससे पोट धरून लोळायचे, आणि ज्यांना आयुष्यात कुणी हसताना पाहिलं नाही असे बोकडसुद्धा दाढीतल्या दाढीत हसायचे.

प्रुडन्सबाईंना मात्र राणी व्हायचं होतं. जुन्या ओकच्या पोकळ बुंध्यात मोठं नाट्यगृह होतं. तिथे तिकीट असे, म्हणून नटाकडे थेट बघायला हरकत नसे, आणि एका दुःखी राणीचं पाच अंकी नाटक चाले. शेवटी राणी विष पिऊन मरते. राणीचं काम ऑटोलीनबाई हंसिणीचं. प्रुडन्सबाई त्यांच्या बदली नटी. म्हणजे ऑटोलीनबाई आजारी पडल्या तर यांनी राणी व्हायचं. सगळं नाटक पाठ करून त्या वर्षानुवर्षं पडद्याआड बसून होत्या. पण ऑटोलीनबाईंना कधी साधी शिंक आली नाही.

एके दिवशी ऑस्बर्टराव प्रुडन्सबाईंकडे चहाला आले. बोलता बोलता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाईंचा जन्म उत्तरेच्या लव्हाळ्यातला की दक्षिणेच्या. बाई हुशार होत्या. पाहुणा कशासाठी आलाय ते त्यांनी ओळखलं. वाचून दाखवा, म्हणाल्या. ऑस्बर्टरावांनी आढेवेढे घेतले, मग घसा साफ केला.

"पाण्यात पडणाऱ्या आत्याबाई म्हणून परिचित असलेल्या प्रुडन्सबाई पाणकोंबडी यांचे निधन झाले. त्या वक्तशीर होत्या."

"आणि पुढे?"

"पुढे हवामान आहे," ऑस्बर्टराव म्हणाले.

बाईंनी कप खाली ठेवला. ऑटोलीनबाईंसाठी किती जागा ठेवलीय, असं त्यांनी विचारलं. ऑस्बर्टराव खोटं बोलत नसत. पान भरून, आणि आदल्या पानावर अर्धं, असं त्यांनी सांगितलं. जे शोकांतिकेत मरतात त्यांना पान, जे पाण्यात पडतात त्यांना दोन ओळी. हा नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यांच्या आजोबांच्याही आधीचा होता. बाईंच्या हातून काही मोठं घडलं तर ते आनंदाने वाढवून देतील. मंगळवारी तर पुष्कळ जागा असते.

"मग मी इतक्यात मरत नाही," प्रुडन्सबाई म्हणाल्या.

"काही घाई नाही, बाई," ऑस्बर्टराव म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

पुढे काय झालं, की ऑटोलीनबाई एकदा आपलं प्रतिबिंब बघत बघत तळ्याकाठाने चालल्या होत्या. दगडाला ठेचकाळल्या, मान मुरगळली आणि गेल्या. दीड पान आलं. शोकसभा झाली. त्यांचं गाणं ऐकून घशात हाडूक अडकल्याचा भास होतो, असं जन्मभर लिहिणारा समीक्षक कोल्हा सभेत हुंदके देऊन रडला. एक युग संपलं, म्हणाला. प्रुडन्सबाईही रडल्या. पण रडता रडता राणीची भाषणं त्यांच्या ओठांवर येत होती, आणि त्याची त्यांना फार लाज वाटत होती.

नाटक कंपनीचे मालक होते सेप्टिमसराव साळिंदर. त्यांच्या गळ्यात पडून कुणाला रडता येत नसे, म्हणूनच ते मालक झाले होते. ते आता पेचात सापडले. पुढचा खेळ राजेसाहेबांसाठी जाहीर झालेला. राजेसाहेब येणार नव्हते, कारण ते नव्हतेच. पण त्यांची खुर्ची येणार होती, आणि खुर्ची आली की खेळ रद्द करता येत नाही. नाटक पाठ असलेली एकच नटी जंगलात उरली होती. तुम्ही उभ्या राहिलात की लोक हसतात, असं सेप्टिमसराव प्रुडन्सबाईंना तोंडावर म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी एकच अट घातली. शेवटी मरताना पाठमोरं पडायचं नाही.

प्रुडन्सबाई म्हणाल्या, की पुढे पडायचा सराव त्या लग्नाच्या वयापासून करतायत.

खेळाला सगळं जंगल आलं. पडदा वर गेला. मुकुट घातलेली पाणकोंबडी दिसताच मागे कुणीतरी फिसकन हसलं. राणीचं पहिलंच वाक्य असं होतं, की आज आभाळ भरून आलंय. झालं. आत्याबाई हवेबद्दल बोलल्या म्हणून ससे खुर्च्यांवरून खाली आले.

बाईंनी मुकुट सावरला. त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं, मग तिसरं. दुसऱ्या अंकात हसणं थोडं पातळ झालं. तिसऱ्यात राणीचं राज्य गेलं, तेव्हा एक बोकड उगाच खाकरला. चौथ्यात राणीने आपल्या मेलेल्या पिलांची नावं घेतली आणि सशांनी एकमेकांचे पंजे धरले.

पाचव्या अंकात विषाचा पेला आला. प्रेक्षक सावरून बसले. पेला म्हणजे कपच की. बाईंनी तो उचलला, घोटभर प्याल्या, आणि तोंडावर पडल्या. पेला कलंडला. पाणी वाहत वाहत राजेसाहेबांच्या खुर्चीपाशी गेलं.

कुणी हसलं नाही.

आणि बाळांनो, पाच अंक म्हाताऱ्या जिवाला झेपले नव्हते. प्रुडन्सबाई खरोखरच मेल्या. आपण मेलोय हे त्यांना कळलं. पण त्याहून जास्त त्यांना ती शांतता कळली. जन्मात पहिल्यांदा त्या पडल्या होत्या आणि कुणी हसलं नव्हतं. केवढी मोठी होती ती शांतता. त्यांना वाटलं, हिच्यात पडून राहावं.

डॉक्टर बगळे रंगमंचावर चढले. एका पायावर उभं राहून त्यांनी कान लावला आणि टोपी काढली. शेवटच्या रांगेतले ऑस्बर्टराव डोळे पुसत उठले आणि थेट छापखान्याकडे उडाले.

इतक्यात मागून आवाज आला, "वन्स मोअर."

मग दुसरा आला. मग सगळं नाट्यगृह ओरडायला लागलं.

आता प्रुडन्सबाई मेलेल्या होत्या. पण त्या लहानपणापासून या धंद्यात होत्या आणि प्रेक्षकाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्या उठल्या. मुकुट सारखा केला, पेला भरून घेतला, आणि पुन्हा मेल्या. दुसरं मरण पहिल्यापेक्षा सरस झालं, असं जाणकारांचं मत पडलं. मग तिसऱ्यांदा झालं. पडदा पडला तेव्हा बाई आत एका पेटाऱ्यावर बसून चहा मागत होत्या. एवढ्या गडबडीत मरण कुठेतरी निघून गेलं होतं.

सकाळी 'पर्णवार्ता' आली. पान भरून लेख होता. आदल्या पानावरही अर्धा. हवामान पहिल्या पानावर हलवलं होतं. प्रुडन्सबाईंनी घरट्यात बसून तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. ऑस्बर्टरावांनी लिहिलं होतं, की ही नटी तळ्यात पडायची तेव्हा आपण हसायचो, कारण आपण सगळेच कुठेतरी पडत असतो आणि एवढ्या डौलाने कुणाला पडता येत नाही. बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण नुसत्या पडतो.

त्या बाहेर निघाल्या तर शेजारीपाजारी चिडलेले. हंसांनी रडून घेतलं होतं. ससुल्यांनी दुखवट्याचा केक केला होता. एका रात्रीत सगळं साठवलेलं कौतुक बोलून संपवलं होतं, आणि या बाई टोपी घालून फिरतायत. हे काही बरं नाही, असं जो तो म्हणाला.

बाई आभार मानायला ऑस्बर्टरावांकडे गेल्या. ते घाबरून कपाटावर बसले होते. 'पर्णवार्ते'ने आजवर कुणाचं मरण मागे घेतलं नव्हतं. वाचकांचा विश्वास जातो. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, की गैरसमज नको, पण बाईंनी पुढे काय ठरवलंय.

बाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "लेख फार छान झालाय, ऑस्बर्टराव. मला वाटतं, त्यातल्या बाईसारखं थोडं जगून बघावं."

ऑस्बर्टराव विरघळले. मजकूर मागे घेता येणार नाही, म्हणाले, पण बाईंनी खासगीत जगायला हरकत नाही.

तर बाई खासगीत जगू लागल्या. राजवाड्यातून मरणोत्तर मानाची रिबीन जाहीर झाली. ती फक्त नातेवाइकांना मिळते, असं तिथल्या कारकून बदकाने सांगितलं. तेव्हा बाई आपलीच धाकटी बहीण म्हणून उभ्या राहिल्या आणि रिबीन घेऊन आल्या. बदकाने सांत्वनही केलं. तुमची बहीण फार थोर, म्हणालं, दिसायला तुमच्यासारखीच, जराशी उंच. सेप्टिमसरावांनी पाटी लावली, 'कै. प्रुडन्सबाई यांचा आजचा प्रयोग', आणि तिकीटखिडकीवर चेंगराचेंगरी झाली. जिवंत नटीला कधी एवढी गर्दी झाली नव्हती.

मुख्य म्हणजे, बाई कागदोपत्री मेलेल्या असल्यामुळे त्यांचं तोंडावर कौतुक करायला आता कुणालाच संकोच नव्हता. येता जाता प्राणी थांबत आणि म्हणत, काय हो तुमचं ते काम, आम्ही विसरलो नाही. बोकडही बोलू लागले. बाईंची पिसं चकाकायला लागली. पाठ सरळ झाली. साऱ्या जंगलात आपली स्तुती स्वतःच्या कानांनी ऐकणारा तेवढा एकच जीव होता. ते पाहून आणखी दोन-तीन म्हाताऱ्या नटांनी ओकच्या रंगमंचावर मरून बघितलं. पण वन्स मोअर आला नाही, आणि ते तसेच राहिले.

पुष्कळ वर्षं गेली. दर गुरुवारी ऑस्बर्टराव चहाला येत. एका गुरुवारी बाई खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. त्या लेखातला शेवटचा परिच्छेद वाचता का, असं त्यांनी विचारलं. ऑस्बर्टरावांना तो पाठ होता. त्यांनी म्हटला. संपवून वर बघितलं तर बाई गेल्या होत्या.

बातमी पसरली. शेजारी आले, रांगा करून बसले. बाई उठायची त्यांनी वाट पाहिली. हंसिणींनी विणकाम काढलं. चहाची वेळ झाली, टळली. शेवटी कोल्हा म्हणाला, की बाईंचं आजचं मरण फारच सपक झालं, चढत जाणं असं काही नव्हतंच. सगळ्यांनी सभ्यपणे थोड्या टाळ्या वाजवल्या आणि पांगले.

ऑस्बर्टराव छापखान्यात गेले. संपादकांनी त्यांना आठवण करून दिली, की या बाई आपल्याकडे पूर्वीच येऊन गेल्यात. एक मरण दोनदा छापत नाहीत. तुम्ही हवामान घ्या.

ऑस्बर्टराव परत घरट्याशी आले. त्यांनी कपबश्या विसळून पालथ्या घातल्या. बाईंची शाल नीट केली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मेलं होतं आणि त्यांना लिहायला काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आसपास कुणी नाही अशी खात्री करून घेतली. आणि अगदी हळू म्हणाले, "वन्स मोअर."

आणि वाट बघत बसले.

तात्पर्य : कलावंताचं कौतुक तो जिवंत असताना मुळीच करू नये. केलं तर तो जगत राहतो, आणि छापून आलेला मजकूर खोटा पडतो.