वामनजी आणि एक मणाचा दगड

वामनजींच्या हजेरीपटात मेलेला माणूस गैरहजर नसे, रजेवर असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला दारव्ह्याच्या आमच्या इतिहास मंडळाची सभा भरायची आणि कार्यवाह म्हणून वामनजी नावं पुकारायचे. "जोशी मास्तर?" कुणीतरी म्हणे, "वामनजी, मास्तर जाऊन तीन वर्षं झाली." वामनजी मान खाली घालून लिहीत, रजेवर. यादीत एकेचाळीस नावं होती. खुर्च्यांवर आम्ही नऊ जण.

त्या नऊ जणांत मी कसा, हे सांगायला हवं. मी कोल्हापूरकडचा, आठवीनंतर शाळा सोडलेला, इथल्या जिनिंगात फिटर. कापसाची ती वाईट वर्षं होती. गाड्या कमी यायच्या, यंत्रं आठवड्यातले चार दिवस गप्प. मालक कधी 'आता गावी जा' म्हणेल या धास्तीत मी फाटकाशी बसून असे. एकदा वामनजी समोर उभे राहिले.

"मिस्त्री, रिकामाच बसून राह्यला. वाचता येते काय?"

"येतं थोडं."

"कायच्यावरून?"

आणि पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी माझ्याकडून उभ्याउभ्या एक पान वाचून घेतलं. पुढच्या रविवारी मी सभासद. आज हे लिहितोय ते त्या पानामुळे.

हे 'कायच्यावरून' त्यांनी कुणालाच सोडलं नाही. चहावाला म्हणाला, दूध ताजं आहे. "कायच्यावरून?" डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय. "कायच्यावरून?" एका अंत्ययात्रेत कुणी म्हणालं, माणूस देवासारखा होता. वामनजींनी तिथंही विचारलं, आणि मयताच्या जावयानं त्यांना हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. भूमापन खात्यात जन्म गेला होता त्यांचा. लग्न केलं नाही, भावंडं उरली नाहीत. मंडळ हेच घर, सभा हाच सण.

आता त्या दगडाचं. तो वामनजींना बोरी अरबला एका विहिरीपाशी सापडला होता. भोपळ्याएवढा, गोल, बाजूनं खाचा, डोक्यावर भोक. जीपमध्ये त्यांनी दगडाला सीटवर बसवलं आणि स्वतः मागं लटकत आले. हा हेमाडपंती देवळाच्या शिखराचा दगड, असं त्यांनी ठरवलं. त्यावर आठ वर्षं खपून निबंध लिहिला. मंडळाच्या खोलीसमोर चबुतरा झाला, संगमरवरी पाटी आली, नागपूरहून एक प्राध्यापक उद्घाटनाला येणार ठरलं.

चबुतऱ्यावर बसवण्याआधी दगड धुवायचं काम माझ्याकडं आलं. भोकातली माती काढली तर आत शिसं ओतलेलं. असले दगड पाहतच मी मोठा झालो होतो. माझे वडील गुळाच्या बाजारात तोलार होते. वजनाच्या दगडाला लोखंडी कडी बसवायची तर शिसं ओतूनच बसवतात.

दोन दिवस मी गप्प राहिलो. बोललो तर म्हाताऱ्याची आठ वर्षं पाण्यात, आणि मंडळात त्यांना कोण ठेवणार? नाही बोललो तर त्यांच्याच हाताखाली शिकून त्यांनाच फसवल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "काकाजी, हे देवळाचं न्हाई. हे वजन आहे."

मला वाटलं होतं तेच ते म्हणाले, "कायच्यावरून?" मग आम्ही हातगाडीवरून दगड जिनिंगात नेला आणि काट्यावर ठेवला. जुना एक मण भरला, पावशेर तेवढा कमी. वामनजींनी तो उतरवून पुन्हा ठेवायला लावला. मग म्हणाले, "घासला असन तेवढा. बरोबर आहे तुहं."

रविवारी सभेत त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. यात चिडण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. अध्यक्ष म्हणजे एक वकीलसाहेब. ते म्हणाले, "वामनजी, पाटी बसली. एका आठवी पास मिस्त्रीच्या सांगण्यावरून मंडळाचं हसं करता?"

"कापूस तोलाचा दगड असन तर तोबी इतिहासच होय ना," वामनजी म्हणाले. "या तालुक्यानं देवळं किती बांधली अन् कापूस किती तोलला?"

"कापूस हा पेपरातला विषय आहे. इतिहास नव्हे."

बाहेर सगळा तालुका त्या कापसापायी रडकुंडीला आला होता, आणि आत पंख्याखाली हा माणूस हे बोलला. सभासदांतले डॉक्टर नखं बघत होते. वामनजींनी पेचकस काढला आणि बाहेर जाऊन पाटीचे स्क्रू स्वतः सोडवले. त्याच सभेत त्यांना कार्यवाहपदावरून काढलं. हात वर करायला सात जण लगेच तयार. महिनाभरात पाटी परत बसली, प्राध्यापकही येऊन गेले. देवळाचा दगड म्हणून लोक आजही त्याला फूल वाहतात. माझा राग तेव्हाही गेला नाही, आताही जात नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बरोबर चारला वामनजी जिनिंगच्या फाटकाशी आले. इस्त्रीचा सदरा, काखेत कोरी वही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बस खाली. तुह्या बापाचं नाव सांग."

या गावात मला येऊन सहा वर्षं झाली होती. हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. मग वडील दगड कसे लावायचे, तोलताना आकडा कसा गाऊन सांगायचे, पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' का म्हणायचे, सगळं सांगत गेलो. ते प्रत्येक शब्द उतरवून घेत होते. ऊन फाटकावरून उतरेपर्यंत माझ्याकडचं सगळं संपलं. अगदी सगळं.

वामनजींनी वही मिटली, पण उठले नाहीत. बुटांकडं बघत म्हणाले, "मिस्त्री, मी काय म्हणतो, तोलाईचं अजून बरंच राह्यलं असन ना? उद्या येऊ काय?"

"लय राहिलंय काकाजी," मी म्हटलं. "लय दिवस लागतील."