चहा न सांडणारी चाकं

आमच्या खाली तळमजल्यावर राहणारे बोराडे काका गाडीत पुढच्या डाव्या सीटवर चहाचा काठोकाठ भरलेला कप बसवतात आणि मागच्या सीटवर मला. कपाला दोन उशांचा आधार असतो, मला नसतो. नाशिक रोडच्या कॉलनीतून निघायचं, भगूरपर्यंत जायचं, परत यायचं. बशीत थेंब पडला की चाकं नापास. माझं काम बशीवर नजर ठेवायचं. दीड वर्षं माझे रविवार असे वाया चालले आहेत.

काका अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, पण जग अजून सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाजीवालीनं कापून दिलेला भोपळासुद्धा त्यांना "एक सूत तिरका" दिसतो. माझ्या लग्नाचा कोट पाहून म्हणाले होते, "झकास. डावा खांदा दोन सूत खाली आहे." तो कोट मी पुन्हा घातला नाही.

गाडी म्हणजे त्यांची चाळीस वर्षांची पांढरी फियाट. काकूंच्या मणक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "प्रवासात धक्का बसता कामा नये." काकूंचं माहेर घोटी. भाताच्या कापणीला एकदा भावाकडे जायचं, एवढीच त्यांची इच्छा, आणि जायचं ते ह्याच गाडीतून. दुसऱ्या कुणी सीटवर चार गाद्या टाकल्या असत्या. काकांनी फियाट विटांवर चढवली, खालचं सगळं काढलं आणि आजकालच्या एका गाडीचं सस्पेन्शन बसवलं. सहा महिने लागले. मग कळलं की जुनी चाकं त्याला बसतच नाहीत, नटांच्या भोकांचं अंतरच वेगळं. जन्मभर लोकांच्या चुका सुतात मोजणाऱ्या माणसाची नेमकी चाकं मोजायची राहिली होती. हा विषय कॉलनीत काढायची सोय नाही.

तेव्हापासून चाकं शोधणं चालू आहे. नव्या गाडीची बसतात, पण आत जातात आणि वळताना घासतात. मधे चकती घातली तर मडगार्डच्या बाहेर येतात. दुकानदार झगमगीत चाकं दाखवतो, काका तोंड फिरवतात. "वरात काढायचीय का?" त्यात जुने स्टीलचे व्हील कप, म्हणजे चाकांवरची चकचकीत झाकणंही त्यांवर बसायला हवीत, कारण घोटी आली की खाली उतरून काकू त्यांत बघून केस सारखे करायच्या.

"काका, आता काकूंना वाकता कुठे येतं?" मी एकदा म्हटलं.

"म्हणून कप फेकून देऊ?"



काकूंची कॉट खिडकीशी. "आवो, चाकं गोल हायेत ना?" त्या तिथून विचारायच्या. "मग चला की."

"सुतानं राहिलंय गं."

"तुमचं सूत लय लांब हाय."

एक कापणी अशीच गेली.

मागच्या आठवड्यात अंबडच्या एका भंगारवाल्याकडे चार लोखंडी चाकं मिळाली. काकांनी त्यांची मधली थाळी बदलली, जुने कप अडकवायला टोकं जोडली. रविवारी निघालो. घासलं नाही. गतिरोधक आले, खड्डे आले, भगूर आलं, परत फिरलो. बशी कोरडी ठणठणीत. मी हर्षानं काकांच्या खांद्यावर थाप मारली. "पास, काका. आता घोटी."

काकांनी कॉलनीच्या फाटकाअलीकडेच गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"शुक्रवारी हिचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो," ते म्हणाले. "आता गाडी कुठलीही असो, न्यायचंच नाही म्हणाले. गाठ परत आलीय. फार दिवस नाहीत."

"काकूंना माहीत आहे?"

"नाही सांगितलं. रोज विचारते, चाकं झाली का. झाली म्हटलं, तर निघावं लागेल. आणि नाही निघालो, तर का ते सांगावं लागेल."

मग त्यांनी एका बोटानं कप कलता केला. थोडा चहा बशीत सांडला. तेवढाच, मोजून. दीड वर्षं ह्या माणसावर चिडचिड केल्याची मला लाज वाटली. रडूही आलं, पण मागच्या सीटवर ते दिसत नाही.

"झाली का वो चाकं?" गाडी दारात येताच काकूंनी खिडकीतून विचारलं.

काकांनी बशी वर धरली. "सुतानं राहिलं गं. पुढच्या रविवारी बघू."

काकूंनी बशीकडे पाहिलं. मग चाकांकडे, बराच वेळ. त्यांवरचे स्टीलचे कप लखलखत होते.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "घाई नाय. भात अजून हिरवाच आसंल."

घोटीकडची कापणी होऊन महिना झाला होता. भावानं पाठवलेल्या नव्या तांदळाची गोणी काकूंच्याच कॉटखाली होती.