स्कोप मुलखावरील स्वाऱ्यांची हकीकत

श्री सल्लेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ मास. ही हकीकत लिहिणे जवळजवळ टळलेच होते. लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले, की काकामंडळी रागावतील. मग राग काय फक्त काकांनाच येतो की काय, ऐसे मनात येऊन अखेर लिहिली ती येणेप्रमाणे.

एक राज्य होते. नाव लिहीत नाही, वाचणाराने आपलेच समजावे. त्या राज्यात नळाला पाणी एक दिवसाआड येई पण सल्ला चोवीस तास येई, आणि सल्ल्याचे मुख्य कारभारी राजश्री वामनकाका. मोबाइल कोणता घ्यावा, पैसा कुठे गुंतवावा, पोरांनी काय वाचावे, काय शिकावे, याचा निवाडा ते पंगतीत बसून भात वाढण्याआधीच करून मोकळे होत. आणि त्या राज्यात ऐसा समज होता की स्कोप नामे एक मुलूख आहे, तिथे जो पोचला त्याचे कल्याण जाहले. तो मुलूख कोणी पाहिला नव्हता, वाट कोणास ठाऊक नव्हती, तरी घरोघरची तरणी पोरे त्यावर रवाना होत.

वामनकाकांचे पुतणे निळोजी. त्यांस गोष्टींच्या पुस्तकांचा भारी नाद. काकांनी हुकूम केला, "गोष्टी वाचून कुणाचं पोट भरलंय का? रद्दीत घाल ती. इंजिनिअरिंगला स्कोप आहे." मग निळोजींनी पुस्तके रद्दीत घातली आणि स्वारी केली आणि डिग्री घेऊन पाहतात तो स्कोप तिथून हललेला. मग काका म्हणाले, ॲनिमेशन. मग सगळ्यांत महागडा लॅपटॉप घेतला, का, तर स्वस्तातला घेऊ नये म्हणून, आणि तिकडे कूच केले, तो स्कोप बँकेच्या परीक्षांत गेलेला. मग उशीएवढी जाड गाइडे आली, आणि निळोजी त्यांवर डोके ठेवून झोपू लागले, आणि पोटात राग साठू लागला.

ऐसे असता घरी साखरपुडा निघाला. चहाला खारी होती, ती निळोजींचा जिवलग मित्र रखमाजी याच्या हातची. रखमाजी बेकरीत उस्तादांच्या हाताखाली तयार जाहला होता. तो काकांपुढे येऊन उभा राहिला.

"काका, उस्ताद कायमचे गावी चाललेत. म्हणाले, भट्टी तू चालव, संध्याकाळपर्यंत हो-नाही कळव. नाहीतर दुसऱ्याला देतील. घेऊ का?"

काकांनी खारी चहात बुडवली. "बेकरीला स्कोप नाही रे, बाळा. सगळं जग आता डाएटवर आहे. तू डेटा कर."

"डेटा म्हणजे नेमकं काय करू?"

"कर म्हणजे कर! क्लास लाव." आणि दुसरी खारी उचलली.

रखमाजीने मान खाली घातली आणि उस्तादांना नाही म्हणायला मोबाइल काढला. ते पाहून निळोजींच्या मस्तकात तिडीक गेली.

"थांब रखम्या, फोन लावू नकोस! काका, तुम्ही स्कोपला कधी गेला होता?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची नोकरी. ती कशी लागली?"

काका घुटमळले. "आमचे वडील नोकरीत असताना गेले. त्यांच्या जागेवर मला घेतलं. विचार करायला सवड कुणाला होती?"

"आणि मोबाइल लेकीनं घेऊन दिलाय," काकू आतून बोलत्या जाहल्या, "तेही सांगा की!"

मांडवात हशा पिकला. निळोजी हसले नाहीत. "मग मला का पिटाळलंत, काका? जिथं तुम्ही पाऊल टाकलं नाही, तिथं माझी वर्षं का घातलीत?"

"अरे, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं."

"ते माहितीये हो! म्हणून तर धड भांडताही येत नाही तुमच्याशी."

काकांनी बशी खाली ठेवली. बुडवलेली खारी कपात विरघळून गेली.

मग रखमाजीने निळोजींना कोपऱ्यात ओढले. "आता तूच सांग. घेऊ का भट्टी?"

"घे की! बेकरीला तर केवढा स्को..." आणि निळोजींनी जीभ चावली. काकांचा शब्द पुतण्याच्या तोंडी कधी येऊन बसला होता, कळलेही नव्हते. मग लाजून म्हणाले, "मला नाही माहीत, रखम्या. उस्तादांकडे जा. भट्टी तोट्यात कधी जाते ते विचार. जन्मभर भट्टीशी झुंजलेला माणूस आहे, खरं सांगेल. मग तुझं तू ठरव."

रखमाजी गेला, आणि दिवेलागणीला उस्तादांच्या बेकरीची किल्ली खिशात घालून परत आला.

तात्पर्य, स्कोप नामे मुलूख कोठेही नाही. विचारायचे तर ज्याचा हात त्या कामात भाजला आहे त्याला विचारावे, चहात बुडवून खाणाराला विचारू नये. आणि निळोजींनी किल्लीवर हात ठेवून मित्रास शब्द दिला तो ऐसा: "स्कोप हा शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघाला, तर त्या दिवशीची करपलेली सगळी खारी मी एकटा खाईन. चहाशिवाय."