हिरोजीराजे यांनी मोबाईल फडताळात ठेविला त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमून, डोळां देखिले तैसे लिहितो. शके १९३५, विजयनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी वर्तमान ऐसे की, एके राज्यी हिरोजीराजे राज्य करीत होते आणि त्यांस गोजिराबाई नामे नऊ वर्षांची एकुलती कन्या होती. पूर्वी सांजावले म्हणजे राजे, राणी सगुणाबाईसाहेब आणि कन्या एके पंक्तीस बसत आणि राजे आपल्या बाळपणीच्या खोड्या सांगत आणि कन्येस हसता हसता ठसका लागे. काय ते दिवस! मग राज्यात मोबाईल आले आणि राजे तो हाती धरोन जेवू लागले आणि राणीसाहेबही धरू लागल्या आणि मग कन्येने राणीसाहेबांचा जुना मोबाईल मागून घेतला आणि पंक्तीस ताटवाट्यांचा आवाज तेवढा राहिला.

एके दिवशी राजे क्रोधें बोलिले, "जेवताना मोबाईल? राजकन्येस हे शोभते काय?" कन्या म्हणाली, "आबासाहेब, हे बोलतानाही आपण आपल्या मोबाईलातच पाहता आहात." मग राजियांनी उठोन आपला मोबाईल स्वहस्ते मुदपाकखान्यातील फडताळात ठेविला आणि राणीसाहेबांनीही मुकाट्याने ठेविला. कन्येस मात्र काही आज्ञा केली नाही. दुसरे दिवशी ऐन जेवतेसमयी राजियांचा मोबाईल फडताळात वाजो लागला. शेजारच्या राज्याचे वकील तहाचे बोलणे करणार होते. राजे अर्धे उठले. कन्या टक लावून पाहत होती. मग राजे पुन्हा बसले आणि "वकील थांबतील," म्हणाले आणि कन्येस पुसिले, "तुझी मैत्रीण चिमाबाई बहुत दिवसांत खेळावयास आली नाही ती?" कन्या म्हणाली, "ती गाव सोडून गेली. मी सांगितले होते. आपण 'हो, हो' म्हणालात." ऐसे बोलून मोबाईल खाली ठेविला आणि हमसून रडू लागली. राजियांनी तिजला पोटाशी धरिले आणि म्हणाले, "पुन्हा सांग, बाळ. आता ऐकतो." मग कन्येने मैत्रिणीचे सारे सांगितले आणि भात निवोन गेला तरी पंक्तीवरून कोणी उठले नाही.

तह लांबला, परंतु मोडला नाही. पुढे कन्या आपखुशीने आपलाही मोबाईल फडताळात ठेवू लागली. सारांश, हुकुमाने होणे नव्हते ते वडिलांनी आधी केले म्हणोन जाहले. आता गोजिराबाई विद्येकरिता परमुलखी असतात. राणीसाहेब कधी म्हणतात, "गेले ते दिवस." राजे म्हणतात, "गेले खरे; पण आपल्यादेखत गेले."