सुपडूनाना विरुद्ध गाण्यांची कंपनी

३ मार्च. आजचं काम : सुपडूनानांची तक्रार पुन्हा टाइप करणे.

जळगावात कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. लोक माझ्याकडे घटस्फोट, वाटण्या, अतिक्रमणं घेऊन येतात. नाना गाणी घेऊन येतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी एका कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून जुनी गाणी विकत घेतली. ती फक्त त्याच कंपनीच्या प्लेअरवर वाजतात. झालं. तेव्हापासून नाना मक्तेदारीविरुद्धच्या स्पर्धा कायद्याखाली दिल्लीला तक्रारी पाठवतात आणि माझं डोकं खातात.

"कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांचीच. ही मक्तेदारी आहे, ताई."

"मोबाइलवर फुकट ऐका की."

"फुकट ऐकणारा ग्राहक नसतो. त्याला तक्रारीचा हक्क नाही."

गिऱ्हाइकांनाही सोडत नाहीत. परवा एका शेतकऱ्याला धरलं. "भरताची वांगी घेतली, तर ती त्याच दुकानदाराच्या चुलीवर भाजायची का?"

तो म्हणाला, "बरोबर शे, नाना. आते मना उतारानी झेरॉक्स व्हऊ द्या."

नानांची बायको, शांताकाकू, धुळ्याला मुलीकडे नातू सांभाळायला राहते. तिचा प्लेअर दुसऱ्या कंपनीचा, त्यावर नानांची गाणी वाजत नाहीत. म्हणून नाना दर शनिवारी आपला प्लेअर घेऊन एसटीने धुळ्याला जातात, तिला गाणी ऐकवतात आणि संध्याकाळी परततात. चार गाण्यांसाठी एवढी हाडं खिळखिळी करून घेणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही.

तक्रार निम्मी टाइप झाली असताना नाना आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. कंपनीची मेल होती. कुलूप काढलं आहे, गाणी आता कुठल्याही प्लेअरवर वाजतील.

"जिंकलात की. पाठवून द्या काकूंना. एसटीचे धक्के वाचले."

नाना बाकावर बसले.

"मंग धुळाले कसाकरता जाऊ?" गावाकडची बोली ते दुकानात कधी काढत नाहीत. "पोरना घर बाप बिनकामना जास का? जावई काय म्हनी?"

असलं आता कोण पाळतं, म्हटलं मी. ते उठून गेले. मी स्क्रीनवरची तक्रार पुसून टाकली.

४ मार्च. दुकान उघडल्याबरोबर नानांना फोन लावला. विचारलं, काकूंच्या प्लेअरच्या चार्जरची पिन तुमच्या चार्जरसारखीच आहे का?

"वेगळी असावी."

"असावीवर तक्रार होत नाही. नक्की सांगा."

"बघावं लागेल, ताई."

"मग शनिवारी जाऊन बघून या," म्हटलं आणि नव्या तक्रारीचा विषय टाइप करायला घेतला.