नेतृत्वाचे लाभार्थी

पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या अंगी नेतृत्वगुण असल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते महाविद्यालयाच्या सूचना फलकावरून. 'संशोधन व नेतृत्व शिष्यवृत्ती, फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी' असं शीर्षक होतं आणि खाली लिहिलं होतं, की ज्यांच्या अंगी नेतृत्वगुण आहेत त्यांनी ते सोमवारपर्यंत सिद्ध करावेत. आदल्या दिवसापर्यंत माझ्या अंगी फक्त सर्दी होती.

शिष्यवृत्ती मला हवी होती, यात मात्र थट्टा नाही. निवड एकाचीच होणार होती. त्या एकाला सहा महिने एका मोठ्या संशोधन संस्थेत काम करायला मिळणार होतं आणि तिथे मुंगीचा पाय न् पाय दिसेल असा कॅमेरा होता. आमच्याकडे एक भिंग होतं, तेही तडकलेलं. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारणीकडे. तिला सगळा वर्ग 'मोजणी' म्हणायचा, कारण जिना चढतानासुद्धा ती पायऱ्या मोजायची. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या कट्ट्यावर मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे आणि त्या सगळ्या मिळून बिस्किटाचा तुकडा कसा ओढतात ते टिपायचं, असं आमचं चार महिने चाललं होतं. टिपत होती ती. कल्पनाही तिचीच. बिस्किटं माझी.

अर्ज एकोणीस पानी होता. त्यात संशोधनाला अर्धं पान आणि बाकी सगळं नेतृत्वाला. मी खिडकीपलीकडच्या कारकुनांना विचारलं, "संशोधन अर्ध्या पानात मावलं नाही तर?"

"मावतं रे. गेल्या वर्षी निवडला त्याचं दोन ओळींत मावलं होतं," ते म्हणाले. "संशोधन नसेल तर 'निरंक' लिही. नेतृत्व मात्र निरंक चालत नाही. कलम चौदा वाच नीट."

कलम चौदा असं होतं: 'अर्जदाराने ज्यांचे नेतृत्व केले अशा किमान अकरा व्यक्तींची (यापुढे 'नेतृत्वलाभार्थी') नावे, त्यांना झालेल्या लाभाचे स्वरूप व त्यांच्या स्वाक्षऱ्या जोडाव्यात. एकदा नेतृत्वलाभार्थी म्हणून स्वाक्षरी केलेल्या व्यक्तीस स्वतः अर्ज करता येणार नाही. कारण जो मागे होता तो पुढे होता असे मानणे प्रशासकीयदृष्ट्या अशक्य आहे.'

आमचा वर्ग साठ जणांचा. दुपारपर्यंत मोजणी सोडून सगळेच्या सगळे नेते झाले. पंखाबचत समिती, फळापुसणी अभियान, शांतता मंच अशा अठ्ठावन्न संस्था स्थापन झाल्या आणि प्रत्येकीला एक अध्यक्ष मिळाला. सदस्य एकीलाही मिळाला नाही. शांतता मंचाचे अध्यक्ष तर सदस्य मिळवण्यासाठी ओरडून ओरडून दमले. तास संपल्यावर दारातून आधी कोणी बाहेर पडायचं यावर वाद झाला. कारण दुसरा जो निघेल तो पहिल्याच्या मागे गेला असं उद्या कोणी लिहून घेतलं तर? शेवटी सगळे एकदमच घुसले आणि दाराची कडी निखळली. दुसऱ्या दिवशी कडीदुरुस्ती समिती निघाली, दोन अध्यक्षांची.

बाहेर माणूस मिळेना, म्हणून मी घरात शोधायला लागलो. माझे वडील छापखान्यात मुद्रितं तपासतात. त्यांनी लाल पेन काढून कलम चौदा दोनदा वाचलं.

"'लाभार्थी' बरोबर छापलंय," ते म्हणाले. "पण लाभ कुठाय?"

"बाबा, सही करा ना. अडला हरी म्हणतात तसं झालंय माझं."

"आधी म्हण पूर्ण कर आणि मग पाय धर," असं म्हणून त्यांनी सही केली, आणि जाता जाता अर्जातल्या दोन वेलांट्याही सुधारल्या.

आईने लाभाचे स्वरूप या रकान्यात 'सांगून सांगून घसा बसला' असं लिहिलं. आजोबा जास्त अडून बसले. "मी माझ्या बापाचं ऐकलं नाही, तुझ्या बापाचं ऐकत नाही, आणि आता तुझं ऐकलं म्हणून लिहून देऊ होय?" मी फार गळ घातल्यावर त्यांनी सही केली आणि शेजारी कंसात 'आग्रहाखातर' असं लिहिलं. मग मामा, मामी, आत्या, आत्याचे यजमान, एक चुलतभाऊ आणि शेजारच्या काकू. काकूंनी लाभ म्हणून मी एकदा त्यांचं सिलिंडर उचललं होतं ते लिहिलं. ते मी उचललं नव्हतं, चुलतभावाने उचललं होतं. मी 'जरा सांभाळून' म्हणालो होतो. एकूण नऊ डोकी झाली.

दहावी सही मागायला मी प्रयोगशाळेत गेलो. मोजणी कट्ट्यावर वाकून बसली होती. तिने वर न बघता बोट ओठांवर ठेवलं, चार आकडे लिहिले आणि मगच विचारलं, "काय?"

मी अर्ज पुढे केला.

"म्हणजे मी अर्ज करायचा नाही?"

"तू केलास तरी तुझ्यात नेतृत्व कुठाय?"

"तुझ्यात कुठाय?"

"माझ्याकडे नऊ सह्या आहेत."

एकही सही तिने जमवली नव्हती, कारण तेवढ्या वेळात ती मुंग्या मोजत होती. तिथे गेलो की दोघांचं नाव लावीन, कॅमेऱ्यातलं सगळं तुला पाठवीन, असं मी म्हणालो. म्हणताना मला ते खरंही वाटत होतं. तिने आणखी एक आकडा वहीत लिहिला. मग म्हणाली, "कोणीतरी तर जायला हवं," आणि तिने सही केली. लाभाच्या रकान्यात तिने लिहिलं: 'मुंग्या मी मोजल्या. मी मोजते आहे की नाही ते यांनी पाहिलं.' ते वाचून माझे कान तापले. पण लाभाच्या रकान्यात खाडाखोड केलेला अर्ज बाद, असा नियम होता.

अकरावा काही मिळाला नाही. कारकून म्हणाले, "'पूर्तता नंतर करीत आहे' असं लिहून दे. या कार्यालयात सगळ्यांची पूर्तता नंतरच असते."

मुलाखतीला तीन जण होते. अध्यक्षांनी सगळ्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि ते दहावीवर थांबलं. मी मनातल्या मनात घरची वाट धरली.

"'मी मोजते आहे की नाही ते यांनी पाहिलं,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "वा! यालाच पर्यवेक्षण म्हणतात. स्वतः काहीही न करता काम होऊ देणं सोपं नसतं." बाकीच्या दोघांनी अनुभवी माना डोलावल्या.

"आता संशोधन. या मुंग्यांची नेता कोण?"

"नेता कोणी नसते, सर. ओढणारी दमली की दुसरी पुढे होते. आम्ही दोन हजार एकशे सहा वेळा पाहिलं. तोच तर निष्कर्ष आहे."

बाकीच्या दोघांच्या माना डोलायच्या थांबल्या.

"नेता नाही आणि तरीही बिस्कीट पोचतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"रोज पोचतं, सर."

"हे बघा, असला निष्कर्ष बाहेर गेला तर आम्ही तिघं इथे कशाला बसलोय, असं उद्या कोणीही विचारेल. नेतृत्व शिष्यवृत्तीत नेतृत्वहीन संशोधन बसत नाही. दुपारी तीनपर्यंत नेता शोधून आणा."

मी पळत प्रयोगशाळेत गेलो. "सात नंबरची कशी आहे? ती बऱ्याचदा पुढे असते ना?"

"सगळ्याच असतात," मोजणी म्हणाली. "आणि सात मंगळवारी मेली. नोंद आहे."

"मग 'दिवंगत' लिहितो."

"ती मेल्यावर बिस्कीट कोणी नेलं मग?"

"तिच्या प्रेरणेने गेलं असं लिहितो."

मोजणीने वही मिटली. चार महिन्यांत ती वही दिवसाउजेडी मिटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण तीन वाजायला वीस मिनिटं होती आणि लाज वाटून घेण्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

'मुंगी क्रमांक सात: एक प्रेरणादायी नेतृत्व' हे माझं संशोधन एकमताने मान्य झालं. परवा पत्र आलं. निवड झाली आहे, सशर्त. अकराव्या नेतृत्वलाभार्थ्याची स्वाक्षरी आठवड्याच्या आत सादर न केल्यास निवड रद्द समजण्यात येईल.

आई पेढे आणायला निघाली होती, तिला मी थांबवलं. मोजणीला मी अजून सांगितलेलं नाही.

गेले दोन दिवस अकरावा माणूस कुठून आणू या विचाराने झोप नव्हती. मग सुचलं म्हणून हे सगळं लिहायला बसलो. पहिल्या वाक्यापासून इथवर तुम्ही माझ्या मागोमाग आला आहात. सिलिंडर मी उचललं नव्हतं हे तुम्हाला ठाऊक होतं. मेलेल्या मुंगीला मी नेता केलं तेव्हा तुम्ही हसलात, आणि मोजणीने सही केली तेव्हाही वाचायचं थांबला नाहीत. याहून मोठा पुरावा अध्यक्षांनाही नको आहे. खाली ठिपक्यांच्या रेघेवर सही करा. लाभाचं स्वरूप सुचत नसेल तर 'करमणूक' लिहा. वाईट एवढंच, की यापुढे तुम्हाला स्वतःला अर्ज करता येणार नाही.